लांडग्यावर इनाम, सांबरावर परवाना : वऱ्हाडातील एक जुना हिशेब

मोताळ्याहून राजूर घाटाने बुलढाण्याकडे चढू लागले की नळगंगेच्या खोऱ्यातील कापसाची काळी जमीन मागे पडते आणि अजिंठ्याच्या रांगेतील माळ व झुडपी जंगल सुरू होते. हा लांडगा, कोल्हा आणि खोकड यांचा मुलूख. यांपैकी कोणाला मारावे, हे ब्रिटिश काळात कशावरून ठरले, त्याविषयी हा धागा.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागेल. तेथे फेझंट पक्ष्यांची शिकार राखणाऱ्या जमीनदारांचे रखवालदार कोल्हे मारीत. घोड्यावरून कुत्र्यांसह कोल्ह्यामागे धावणारे सरदार मात्र कोल्ह्याला गोळी घालणे लज्जास्पद मानीत. म्हणजे वाद प्राण्याच्या जिवाचा नव्हता, तो कोणाच्या हातून मरावा याचा होता. हीच हौस साहेबाने हिंदुस्थानात आणली. येथे ‘फॉक्स’चे काम आपल्या कोल्ह्याला मिळाले : उटकमंड, पेशावर येथे शिकारी कुत्र्यांचे ताफे होते, मुंबईत तर चक्क ‘बॉम्बे जॅकल क्लब’!

हिंस्र प्राण्यांसाठी सरकारी इनाम होते. मारलेल्या जनावराचे कातडे वा मुंडके कचेरीत दाखवावे, पैसे घ्यावेत. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मते १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. कारण सांगितले जाई ते रयतेच्या व गुरांच्या रक्षणाचे. ते सर्वस्वी खोटे नव्हते. मेंढवाड्यात लांडगा शिरला की धनगराचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत जाई.

पण मध्य प्रांतात रानकुत्र्यावरही इनाम होते. रानकुत्रा माणसावर क्वचितच जातो. त्याचा अपराध एवढाच की तो चितळ व सांबर खातो, आणि ती साहेबाची शिकार होती. माझ्या मते साऱ्या धोरणाची गुरुकिल्ली येथे आहे.

१९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा पाहा. त्याच्या परिशिष्टात हरणे, काळवीट, गवा, ससा, माळढोक आहेत. मांसभक्षक एकही नाही. (वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचाच असल्याने असे कायदे येथे स्वतंत्र अधिसूचनेने लागू होत.) जंगलात बंदूक नेण्यास परवाना लागू लागला. ज्याच्या हातात फासे होते, त्या पारध्याची शिकार चोरी ठरू लागली.

आणि खोकड? उंदीर, नाकतोडे, खेकडे, बोरे खाणारा हा जीव शेतकऱ्याचा मित्रच. त्याच्यावर संकट आले ते नांगराचे. १८६१–६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाला सोन्याचा भाव आणला, मलकापुरावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि वऱ्हाडातील पडीक माळ कापसाखाली गेले. खोकडाची बिळे त्याच माळांत असत.

१९७२ च्या कायद्याने पारडे फिरले. १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झाले. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर भटकून तेथे पोहोचला. खाली शेतांत मात्र रोही आणि रानडुकरांचे कळप उतरतात. त्यांना मारण्याची परवानगी आता शेतकरी मागतो, आणि त्यासाठी अर्ज वनखात्याकडेच करावा लागतो.