खुणेचे नत्र

फुलावर आलेला ताग शेतात गाडावा, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. हरभऱ्याचा बेवड चांगला, हेही तो जाणतो. पण गाडलेल्या हिरवळीतले नत्र पुढच्या पिकाला किती मिळते, हे थेट मोजावयास १९४३ साल उजाडावे लागले.

कडधान्ये मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतले नत्र घेतात, हे हेलरीगेल याने १८८६ साली बर्लिनच्या सभेत सांगितले. त्याआधी तीन वर्षे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्डाल याने नत्र मोजण्याची सुटसुटीत रीत बसविली होती. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, नत्राचा अमोनिया करावयाचा व तो मोजावयाचा. बिअरच्या धंद्यासाठी निघालेली ही रीत मातीलाही लागू पडली. शेतीशास्त्राने हे ऋण मान्य करण्यास हरकत नसावी!

तरी एक अडचण उरलीच. मातीत हजारी एक भाग नत्र धरले, तरी वीतभर थरात ते हेक्टरी २,००० किलोंहून अधिक भरते. हिरवळीने त्यात घातलेले ५०-१०० किलो शोधावयाचे कसे? सावकाराच्या तिजोरीत टाकलेला आपला रुपया ओळखावयाचा, तर त्यावर खूण हवी.

ती खूण निसर्गानेच करून ठेवली होती. नत्राच्या हजार अणूंत जेमतेम चार अणू जड, म्हणजे १४ ऐवजी १५ वजनाचे असतात. हा शोध १९२९ चा. पुढे कोलंबिया विद्यापीठात युरी याने हे जड नत्र एकवटण्याचा मार्ग काढला. आयोवात नॉर्मन व वर्कमन यांनी ते सोयाबीनला दिले, ते सोयाबीन मातीत कुजविले आणि पुढच्या पिकात खूण शोधली. सापडली ती सुमारे चतुर्थांश!

मग बाकीचे वाया गेले काय? नव्हे. कुजविणारे जंतू प्रथम स्वतःचे पोट भरतात. बरेचसे नत्र त्यांच्या देहात व पुढे मातीच्या सेंद्रिय भागात राहते. गव्हाचे काड गाडले, तर जंतू मातीतले नत्रही ओढून घेतात व उभे पीक पिवळे पडते.

शिवाय जंतू खुणेचे नत्र धरून जुने मोकळे करतात. ही अदलाबदल रॉथमस्टेडच्या जेंकिन्सन प्रभृतींनी १९८५ मध्ये खताच्या नत्राबाबत विशद केली. तेव्हा खुणेचा चतुर्थांश म्हणजे पिकाचा सारा लाभ नव्हे. तो कळण्यासाठी शेजारी हिरवळ न गाडलेला वाफाही ठेवावा लागतो, आणि दोन्ही वाफ्यांतले पीक केल्डालच्याच रीतीने मोजले तरी चालते.