गिटार: शिक्षकाकडून की आपले आपण?

ब्रिटनमध्ये १९५६ साली गायक लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या गाण्याने स्किफल या सोप्या संगीतप्रकाराची लाट आणली. दोन-तीन कॉर्ड जमले की गाणे उभे राही, म्हणून असंख्य मुलांनी स्वस्त गिटारी घेतल्या. १९५७ मध्ये आलेले गिटारवादक बर्ट वीडनचे ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक अनेकांचा पहिला शिक्षक ठरले. एरिक क्लॅप्टनही त्याच्या वाचकांपैकी. खरी विद्या मात्र रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकून, मित्रांकडून एकेक कॉर्ड उचलून मिळत गेली, आणि ती मोलाची होती. अभिजात गिटारला हे पुरत नाही. उजव्या हाताची ठेवण चुकली तर पुढे सुधारणे कठीण, म्हणून शिक्षक लागतो. तरीही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तेव्हा गिटार विभागच नव्हता. म्हणून अभिजात गिटारवादक जॉन विल्यम्स तिथे पियानो शिकले. नंतर नव्या गिटार विभागाची सूत्रे त्यांच्याकडेच आली.