पंचवीस टक्के जागांचे अर्थशास्त्र

नवी दिल्ली : शाळांना अनुदान देण्याऐवजी पालकांच्या हाती ‘व्हाउचर’ द्यावे, म्हणजे विद्यार्थी मिळवण्यासाठी शाळांत स्पर्धा होईल आणि दर्जा सुधारेल, ही मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये केली. दिल्लीत ‘सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी’ने २००७ मध्ये ४०८ मुलांना वर्षाला ३,६०० रुपयांपर्यंतची व्हाउचर देऊन त्याचा छोटा प्रयोग केला.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची तरतूद अनेकदा याच विचाराशी जोडली जाते. साम्य आहे, पण अर्धेच. खासगी विनाअनुदानित शाळेतील दुर्बल व वंचित घटकांतील मुलाचा खर्च सरकार भरून देते; मात्र मागणी जागांपेक्षा अधिक असल्याने शाळा बहुधा सोडतीने ठरते. शिवाय प्रतिपूर्तीला मर्यादा आहे. शाळेची फी आणि सरकारचा स्वतःचा प्रतिविद्यार्थी खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच मिळते. महागड्या शाळेला उरलेला भार सोसावा लागतो. स्पर्धेने आकर्षित व्हावे असा हा ग्राहक नव्हे.

दिल्लीत या तरतुदीचा इतिहास कायद्याहून जुना आहे. अनेक शाळांना सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळाली ती गरीब मुलांना मोफत प्रवेश देण्याच्या अटीवर. अट बराच काळ कागदावरच राहिली. न्यायालयीन लढाईनंतर २००७ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. अशा पूर्वीच्या बंधनापुरती प्रतिपूर्ती कायदा देत नाही, कारण मोबदला जमिनीच्या रूपाने आधीच मिळालेला असतो.

परिणाम गुणपत्रिकेपलीकडेही दिसले. दिल्लीतील उच्चभ्रू शाळांवरील अर्थतज्ज्ञ गौतम राव यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार आढळली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडतानाही त्यांनी गरीब मुलांबाबत कमी भेदभाव केला. एकूण गुणांवर ठळक परिणाम झाला नाही. स्पर्धेचा सिद्धान्त याचे मोल मोजत नाही.

खर्चाचा युक्तिवाद महाराष्ट्रातही पुढे आला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या जागांतून सूट देणारी दुरुस्ती राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही.