चाळिशीच्या आधींचे डोळे



महाड तालुक्यांतील शिवथरघळ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. पावसाळ्यांत तिच्या तोंडाशीं धबधबा कोसळत असतो आणि आंत बसणाराला बाहेरचा उजेड पाण्याच्या पडद्यांतून मिळतो. समर्थ रामदासांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो उतरून घेतला, तो याच ठिकाणीं, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ शोधून काढली. अशा उजेडांत अक्षर काढावयाचें म्हणजे डोळ्यांची परीक्षाच!

म्हणून दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास मला नेहमीं विशेष वाटतो. लेखन कसें करावें हें त्यांत सांगितलें आहे. तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, यास्तव अक्षर मध्यम आकाराचें असावें, असा त्यांतील एका ओवीचा आशय आहे. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर कठीण होतें आणि जवळचें दिसेनासें होतें, हें शास्त्र त्या काळीं नव्हतें. पण अनुभव पक्का होता. आपण तर त्या दुखण्याला आणि त्यावरील चष्म्याला 'चाळिशी' असें एकच नांव देऊन ठेविलें आहे.

परंतु चाळिशीच्या फार आधीं, नवव्या-दहाव्या वर्षींहि, जवळचें वाचणें जड जाण्याचा एक प्रकार आहे. डॉक्टर त्याला 'कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी' म्हणतात. मराठींत त्याला घरगुती नांव नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं तें दुखणें आपल्या घरांत बहुधा आळस म्हणून ओळखलें जातें.

श्रोत्यांनीं क्षणभर हातांत शिसपेन्सिल घ्यावी. ती लांब धरून तिच्या टोंकाकडे पाहात हळूहळू नाकाकडे आणावी. पेन्सिल जवळ येते तसतसे दोन्ही डोळे आंत वळतात. प्रत्येक डोळ्याचा नाकाकडचा स्नायु हें काम करतो. निरोगी डोळ्यांना नाकापासून सुमारें सहा सेंटिमीटरांपर्यंत ती एकच दिसते. ज्यांचे डोळे इतके वळत नाहींत, त्यांना ती बऱ्याच आधीं दुहेरी होते. (चाळिशी लागलेल्यांना ती अस्पष्ट दिसेल, तें निराळें.)

अशा मुलाला पुस्तकांतील अक्षरें एकमेकांवर चढलेलीं दिसतात, ओळ हरवते, कपाळ दुखूं लागतें. कधीं तें एक डोळा हातानें झांकून वाचतें. हें लक्षण फार बोलकें आहे. एक डोळा मिटला कीं जुळवाजुळव करावयास कांहीं उरत नाहीं. शाळेंत डोळे तपासतात तेव्हां सहा मीटरांवरचा तक्ता हें मूल शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचतें आणि 'दृष्टि उत्तम' असा शेरा मिळवितें. इतरांनाहि असेंच दिसत असेल अशी त्याची समजूत असल्यामुळें तें आपण होऊन तक्रार करीत नाहीं. समर्थांचा उपायहि येथें अपुरा आहे: अक्षर मोठें केलें म्हणून दोनाचें एक होत नाहीं.

या विकाराचें वर्णन बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनीं १८५५ सालीं केलें. डोळ्यांना व्यायाम देऊन जुळवितां येईल हा विचार फ्रान्सच्या एमिल जावाल यांनीं पुढें नेला. दोन चित्रांचें एक करून दाखविणारा स्टिरिओस्कोप त्यांनीं तिरळेपणाच्या उपचारास लाविला. वाचतांना डोळे कसे हलतात याचा शोध ज्यांच्या प्रयोगशाळेंत झाला, त्या जावालांची स्वतःची दृष्टि मात्र काचबिंदूनें गेली.

उपचारांची खरी पारख आपल्या शतकांत झाली. अमेरिकेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ९ ते १७ वर्षांचीं २२१ मुलें होतीं. बारा आठवडे दर आठवड्यास एक तास दवाखान्यांत आणि शिवाय घरीं रोज थोडा वेळ व्यायाम करणाऱ्यांपैकीं ७३ टक्के मुलांना गुण आला. घरीं नुसती पेन्सिल नाकाकडे आणणाऱ्यांत हें प्रमाण ४३ टक्के, आणि ज्यांना खोटाच व्यायाम दिला होता त्यांच्यांत ३५ टक्के निघालें! लोलकाचे चष्मे मुलांच्या बाबतींत साध्या चष्म्याहून सरस ठरले नाहींत, हें २००५ मध्येंच दिसलें होतें. व्यायामानें डोळे जुळतात. पण त्यामुळें वाचलेलें अधिक समजूं लागतें असें २०१९ च्या प्रयोगांत आढळलें नाहीं. गुणपत्रिकेचें आश्वासन कोणी देऊं लागला तर हें स्मरणांत असावें.

आतां पोलादपूरकडच्या आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीचा विचार करा. तेथून बारा आठवडे मुलाला शहरांत नेणें म्हणजे आईबापांची बारा दिवसांची मजुरी बुडविणें. शास्त्र म्हणतें दवाखान्यांतला उपचार सरस. वाडीला परवडते ती पेन्सिल. माझें मत असें कीं एकदां तरी नेत्रवैद्याकडून नीट तपासून घ्यावें आणि मधून मधून दाखवीत राहण्याच्या अटीवर घरचा व्यायाम सुरू करावा. मोठ्या माणसाला एकाएकीं दोन दिसूं लागलें तर मात्र व्यायामाचें नांव न काढतां तांतडीनें डॉक्टर गांठावा.

घरच्या व्यायामाचें एक साधन फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नांवानें ओळखलें जातें, आणि तें कोणत्याहि घरांत होण्यासारखें आहे: एक लांब दोरी आणि तींत ओंवलेले तीन रंगांचे मणी. एक टोंक खिडकीच्या गजास बांधावें, दुसरें नाकाशीं धरावें आणि एकेका मण्याकडे पाहावें. पाहिलेला मणी एकच दिसून त्याच्यापाशीं दोन दोऱ्यांची फुली पडलेली दिसली, कीं दोन्ही डोळे कामावर आहेत असें समजावें.