कोलाँज-ला-रूज

कोलाँज-ला-रूज हे फ्रान्सच्या नुव्हेल-अ‍ॅकितेन प्रदेशातील कोरेझ विभागात असलेले एक ऐतिहासिक गाव आहे. ब्रीव्ह-ला-गायार्द या शहराच्या आग्नेयेस सुमारे २० किमी अंतरावर ते वसले असून त्याची लोकसंख्या पाचशेच्या आसपास आहे. गावातील जवळजवळ सर्व जुन्या इमारती लाल वालुकाश्माच्या आहेत. नावातील 'रूज' म्हणजे 'लाल' हे विशेषण त्यावरूनच आले. फ्रान्समधील देखण्या खेड्यांना मानांकन देणाऱ्या 'ले प्ल्यू बो व्हिलाज द फ्राँस' (फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे) या संघटनेचा उगमही याच गावात झाला.

== दगड ==
गावाजवळून मेसाकचा प्रस्तरभंग जातो. त्याच्या एका बाजूस लोह ऑक्साइडमुळे गडद लाल झालेला वालुकाश्म, तर दुसऱ्या बाजूस पांढरा चुनखडक आढळतो. लाल दगड हाताशीच असल्याने वाडे, गोठे, कुंपणे, चर्च असे सर्व बांधकाम त्यातच झाले. परिणामी श्रीमंताचे घर आणि शेतकऱ्याचे घर यांत आकाराचा फरक दिसतो, रंगाचा दिसत नाही. छपरांवर स्लेट किंवा 'लोझ' नावाच्या चपट्या दगडी पाट्या आहेत. पांढरा चुनखडक मात्र मोजक्याच ठिकाणी, मुद्दाम उठून दिसावा अशा रीतीने वापरलेला आहे.

== इतिहास ==
आठव्या शतकात हा परिसर प्वातू भागातील शारू येथील मठाकडे आला व तेथील संन्याशांनी येथे उपमठ स्थापन केला. त्याच्याभोवती वस्ती वाढत गेली. रोकामादूरमार्गे स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलाकडे जाणारे यात्रेकरू येथे थांबत असत. मध्ययुगात गावाभोवती तटबंदी उभी राहिली.

कोलाँजच्या वैभवाचे मूळ त्युरेनच्या सरंजामी संस्थानात आहे. फ्रान्सच्या राजाचे नाममात्र स्वामित्व मानणारे हे संस्थान व्यवहारात जवळपास स्वतंत्र होते आणि तेथील रहिवाशांना राजाचे कर द्यावे लागत नसत. संस्थानचे अधिकारी, नोटरी आणि लहान सरदार यांनी सोळाव्या व सतराव्या शतकांत कोलाँजमध्ये मनोरे व बुरूज असलेले वाडे बांधले. गावाच्या मानाने ही घरे फारच भारदस्त वाटतात, त्याचे कारण हेच. १७३८ साली कर्जबाजारी झालेल्या संस्थानिकाने त्युरेन पंधराव्या लुईला विकले. करमाफी संपली आणि अधिकाऱ्यांची गरजही उरली नाही. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उपमठाच्या इमारती पाडण्यात आल्या.

त्यानंतर गावाचा आधार होता द्राक्षमळे आणि अक्रोडाची झाडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सभरचे द्राक्षमळे नष्ट केले, त्यात येथील मळेही गेले. लोक शहरांकडे निघून गेले. ओस पडलेल्या घरांचे दगड काढून विकले जाऊ लागले आणि काही काळ कोलाँज म्हणजे आयत्या दगडांची खाण बनली.

ही पडझड जितकी घातक होती तितकीच, एका अर्थाने, उपकारकही ठरली. पैसा नसल्यामुळे येथे कोणी जुने पाडून नवे बांधले नाही, आणि जे उभे राहिले ते बहुतेक मूळ रूपातच राहिले. १९०५ साली चर्चला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे रहिवासी व गावाच्या चाहत्यांनी जतनासाठी मंडळ स्थापन केले, आणि १९४२ साली संपूर्ण गावच संरक्षित घोषित झाले.

== वास्तू ==
सेंट पीटरचे चर्च ही गावातील सर्वांत महत्त्वाची वास्तू आहे. अकराव्या-बाराव्या शतकांतील या रोमनेस्क इमारतीच्या प्रवेशद्वारावर पांढऱ्या चुनखडकातील अर्धवर्तुळाकार शिल्पपट्ट असून त्यावर स्वर्गारोहण करणारा ख्रिस्त, देवदूत, मेरी आणि प्रेषित कोरलेले आहेत. लाल भिंतीवर हा पांढरा पट्ट दुरूनही नजरेत भरतो. एके काळी तो मूळ जागेवरून काढण्यात आला होता. विसाव्या शतकात तो पुन्हा दारावर बसवला गेला. सोळाव्या शतकातील धर्मयुद्धांच्या वेळी चर्चची तटबंदी करण्यात आली. त्या काळात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोक याच चर्चच्या दोन वेगवेगळ्या दालनांत उपासना करीत, असे सांगितले जाते.

मनोरे असलेला व्हासिन्याक वाडा १५८३ सालचा आहे. तो त्युरेनच्या सुभेदाराने बांधला. 'जलपरीचे घर' हे नाव दर्शनी भागावरील जलपरीच्या शिल्पावरून पडले. धान्य व वाइनच्या जुन्या मंडईत गावाची सामाईक पावभट्टी अजून शाबूत आहे. उन्हाळ्यातील जुन्या पद्धतीच्या बाजाराच्या दिवशी ती पेटवली जाते.

== सुंदर गावांची संघटना ==
कोलाँजचे महापौर शार्ल सेराक यांच्या पाहण्यात रीडर्स डायजेस्टच्या फ्रेंच शाखेने काढलेले सुंदर गावांवरील पुस्तक आले. त्यातील गावांनी एकत्र येऊन आपला वारसा आणि उपजीविका दोन्ही सांभाळावीत, असा प्रस्ताव त्यांनी इतर महापौरांपुढे मांडला. ६६ महापौर तयार झाले आणि ६ मार्च १९८२ रोजी कांताल विभागातील सालेर येथे संघटना स्थापन झाली. सदस्यत्वासाठी गावाची लोकसंख्या २,००० पेक्षा जास्त नसावी, किमान दोन संरक्षित स्मारके वा स्थळे असावीत आणि ग्रामपरिषदेचा ठराव असावा लागतो. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होते व बहुतेक अर्ज फेटाळले जातात. दर्जा कायमचा नसतो. फेरतपासणीत तो काढूनही घेतला जातो. गेल्या काही वर्षांत सदस्य गावांची संख्या सुमारे १८० आहे. इटली, बेल्जियमचा वालोनिया प्रदेश आणि जपान येथे याच धर्तीवर संघटना निघाल्या.

शार्ल सेराक यांचे बंधू प्येर सेराक हे जेझुइट धर्मगुरू १९३७ साली भारतात आले आणि तमिळनाडूत गरिबांसाठी काम करीत राहिले. २०१२ साली चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

== सद्यस्थिती ==
गावाचे अर्थकारण आता मुख्यत्वे पर्यटनावर चालते. अक्रोडाचे तेल, मातीची भांडी व चामड्याच्या वस्तू विकणारी दुकाने जुन्या तळघरांत व गोठ्यांत थाटलेली आहेत. उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेरच थांबवल्या जातात आणि अरुंद गल्ल्या गर्दीने भरून जातात. हिवाळ्यात बहुतेक दुकाने बंद असतात. अनेक घरे सुट्टीपुरती वापरली जातात. बारमाही राहणाऱ्या कुटुंबांना परवडणारे घर मिळणे अवघड झाले आहे. संरक्षित दर्जामुळे छप्पर, खिडकी वा दुकानाची पाटी बदलण्यासाठीही परवानगी लागते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. सेराक यांच्या योजनेत गावे जपणे आणि ती वसती ठेवणे ही एकाच कामाची दोन अंगे होती. कोलाँजमध्ये त्यांपैकी पहिले बऱ्याच अंशी साधले आहे.