शोभिवंत मत्स्यपालन: आधी पाणी तयार करा, मग मासे आणा

शोभिवंत मासे वाढवून विकण्याचा व्यवसाय घराच्या परसात, थोड्या जागेत सुरू करता येतो. त्यासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून अनुदान मिळते. अनुदानातून टाक्या आणि पंप घेता येतात. पाणी तयार होण्यासाठी लागणारे ४ ते ६ आठवडे मात्र तुम्हालाच द्यावे लागतात. हा काळ वाचवायला गेल्यास माशांची पहिलीच खेप मरू शकते आणि त्यात तुमच्या हिश्श्याचे पैसेही बुडतात. म्हणून या लेखात अनुदानाबरोबरच गोड्या पाण्याची टाकी निरोगी कशी ठेवावी, हेही दिले आहे. घरी हौसेखातर एकच टाकी ठेवणाऱ्यांनाही ही माहिती तितकीच उपयोगी आहे.

अनुदान किती मिळते?

ही योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांसाठी युनिटचे मुख्य प्रकार आणि खर्चाची मर्यादा अशी आहे:

- परसातील संगोपन युनिट: ३ लाख रुपये
- मध्यम संगोपन युनिट: ८ लाख रुपये
- एकात्मिक युनिट (प्रजनन आणि संगोपन): २५ लाख रुपये

सर्वसाधारण प्रवर्गातील लाभार्थीला खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला लाभार्थींना ६० टक्के अनुदान मिळते. म्हणजे ३ लाखांच्या युनिटसाठी सर्वसाधारण प्रवर्गात १ लाख २० हजार रुपये अनुदान आणि १ लाख ८० हजार रुपये स्वतःचा हिस्सा असतो. महिला लाभार्थीसाठी हे आकडे नेमके उलटे होतात. स्वतःचा हिस्सा बँकेच्या कर्जातूनही उभा करता येतो. जमिनीची किंमत या खर्चात धरली जात नाही.

पाणी 'तयार' होते म्हणजे काय?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरमध्ये, वाळूवर आणि काचेवर वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून वनस्पती ते खत म्हणून वापरतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असले तरी त्यात अमोनिया असू शकतो. त्यामुळे पाण्याकडे नुसते पाहून निर्णय घेऊ नका, टेस्ट किटने तपासा.

टाकी तयार करण्याचे टप्पे

१. टाकी थेट उन्हात ठेवू नका. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ भरल्यास ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी बसते. स्टँड तेवढे वजन पेलणारे आणि समपातळीत असावे.

२. सिमेंटची नवी टाकी असेल तर तिच्यातून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच वाढतो. दोन-तीन आठवडे ती पुन्हा पुन्हा भरून रिकामी करा. पीएच स्थिर झाल्यावरच वापरा.

३. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवा आणि त्यात हवा सोडा, किंवा क्लोरीन काढणारे औषध वापरा. पाण्यात क्लोरामाइन असल्यास ते नुसते ठेवून उडून जात नाही, तेव्हा औषधच लागते.

४. धुतलेली वाळू किंवा बारीक खडी घाला. फिल्टर आणि हवेचा पंप सुरू करा. वनस्पती लावा.

५. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाल्यास हे काम लवकर होते.

६. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजा. मासे सोडण्यापूर्वी थोडे पाणी बदला.

वनस्पती कोणत्या लावाव्यात?

सुरुवातीला वॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा फर्न आणि ॲनुबियास पुरेशा आहेत. त्यांना कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सिलिंडर लागत नाही. हायड्रिला भराभर वाढते आणि पाण्यातील अमोनिया व नायट्रेट शोषते. जावा फर्न आणि ॲनुबियासचे आडवे खोड वाळूत पुरू नका, ते कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. रोज ६ ते ८ तास दिवा पुरतो. त्याहून जास्त प्रकाशाने शेवाळ माजते.

तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या येतात. या अळ्या माशांची पिल्ले खातात. वनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात सुमारे १० मिनिटे बुडवा आणि स्वच्छ पाण्यात धुऊन मगच लावा. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याच तो वापरतात. म्हणून रात्री हवेचा पंप बंद करू नका.

मासे कोणते निवडावेत?

तुमच्या पाण्याला मानवणारे मासे निवडा. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल चांगले वाढतात. हे मासे थेट पिल्ले देतात, त्यामुळे नवशिक्यांना सोपे जातात. कोकण-केरळच्या जांभ्या दगडाच्या भागात पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. तिथे टेट्रा, बार्ब, गुरामी यांचा विचार करा. आपल्या ओढ्या-नद्यांत मूळचा असलेला झेब्रा मासाही काटक आहे. या माशांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते.

सगळे मासे एकाच दिवशी सोडू नका. थोडे सोडा, आठवडाभर पाणी तपासा आणि मग पुढची खेप आणा. आणलेली पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा आणि टाकीचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळा. नव्या माशांना दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो सांसर्गिक रोग असतो. अशा माशांना मुख्य टाकीत सोडू नका.

रोजची आणि आठवड्याची काळजी

- रोज: दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. उरलेले काढून टाका.
- आठवड्यातून एकदा: २० ते २५ टक्के पाणी बदला आणि तळातला गाळ नळीने ओढून काढा. सगळे पाणी एकदम बदलू नका.
- फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, म्हणजे जिवाणू टिकतात.
- वीज गेल्यावर: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावा. वीज येईपर्यंत खाद्य देऊ नका.
- मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी पाणी तपासा, औषध नंतर. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास लगेच थोडे पाणी बदला.

अर्ज कसा करावा?

तुमच्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात संपर्क साधा. चालू वर्षी अर्ज स्वीकारले जात आहेत का आणि कोणत्या युनिटसाठी, हे आधी विचारा. ओळखपत्र, बँक खाते, जागेची कागदपत्रे, लागू असल्यास जातीचा दाखला आणि प्रकल्प अहवाल तयार ठेवा. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी करावी लागेल का, तेही तिथेच विचारा. प्रकल्प अहवालाच्या वेळापत्रकात पाणी तयार होण्याचे ४ ते ६ आठवडे स्पष्ट दाखवा. त्यामुळे मासे खरेदीची तारीख, कर्जाचा पहिला हप्ता आणि पहिली विक्री यांचा मेळ बसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरातल्या एका शोभेच्या टाकीसाठी अनुदान मिळते का?*
नाही. अनुदान विक्रीसाठी मासे वाढवणाऱ्या युनिटला आहे.

*खेळत्या भांडवलासाठी काही सोय आहे का?*
आहे. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यपालकांनाही लागू आहे. बँकेत चौकशी करा.

*प्रशिक्षण कुठे मिळते?*
भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था आणि मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या विषयात काम करतात. जवळच्या प्रशिक्षणाची माहिती जिल्हा कार्यालयातही विचारा.

*जास्त झालेले मासे तळ्यात किंवा नदीत सोडले तर चालतील का?*
नाही. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकरमाऊथ मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि आंध्र प्रदेशातील तलावांत पसरला असून तिथल्या मच्छीमारांचे नुकसान करतो. नको असलेले मासे विक्रेत्याला परत द्या किंवा दुसऱ्या पालकाला द्या. वनस्पतींची छाटणीही ओढ्यात टाकू नका. ती वाळवून खतात मिसळा.