जांभळ्या ठिपक्यांची वेळ

जुलै 1944. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं कोल्ड स्प्रिंग हार्बर. तुम्ही मक्याच्या दोन ओळींमध्ये उभे आहात. ताटं डोक्याच्या वर गेली आहेत, पानांच्या कडा हातांवर ओरखडे काढत आहेत. ऊन चढायच्या आत काम उरकायचं आहे.

हे शेत नेहमीच्या शेतासारखं दिसत नाही. तुऱ्यांवर कागदी पिशव्या, कोवळ्या कणसांवरही कागदी पिशव्या. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. कुणाचा पराग कुणाच्या कणसावर पडला हे ठाऊक नसेल, तर दाण्याचे आईबाप सांगता येत नाहीत, आणि आईबाप सांगता आले नाहीत तर इथल्या सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून हा बंदोबस्त.

ओळीच्या टोकाला ठेंगणी, सडसडीत अंगाची, चष्मा लावलेली एक बाई वाकून काम करते आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक, वय 42. याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली आहे. तो मान मिळालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री. मक्याच्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायला त्यांनीच शिकवलं. गुणसूत्रांच्या तुकड्यांची खरोखर अदलाबदल होते, हे 1931 साली हॅरिएट क्रेटन यांच्याबरोबर त्यांनीच दाखवून दिलं. पुढची गोष्ट ऐकताना हे लक्षात असू द्या. पुढे जे घडणार आहे ते कुणा अनोळखी, उपऱ्या बाईच्या बाबतीत घडणार नाही.

त्या तुमच्या हातात परागाची पिशवी देतात. तुम्ही कणसावरचा कागद काढता, पराग केसांवर झटकता, कागद पुन्हा लावता. एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केसाचं आतलं टोक एका बीजांडाशी जोडलेलं असतं, आणि त्या केसावर पडलेला एक परागकण त्या एका दाण्याचा बाप ठरतो. एका कणसावर शेकडो भावंडं शेजारी शेजारी बसलेली, प्रत्येकाचा जन्म स्वतंत्र.

या हंगामात अशी सुमारे 450 झाडं आहेत. त्यांच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या नवव्या गुणसूत्राचं टोक नुकतंच तुटलेलं होतं. तुटलेल्या टोकाने काय बिघाड होतो, एवढंच बाईंना तपासायचं होतं. पण या कणसांच्या दाण्यांतून उगवलेली रोपं पाहून त्या थबकतात. पानांवर हिरव्या-पांढऱ्या रेघा आहेत. त्यात एका ठिकाणी दोन पट्टे अगदी चिकटून आले आहेत: एका पट्ट्यात रेघांची गर्दी, शेजारच्यात त्या जवळजवळ नाहीतच. हे दोन पट्टे म्हणजे एकाच पेशीच्या दोन लेकींचा वंश. ती पेशी दुभंगताना एका लेकीला काहीतरी जास्त मिळालं, आणि नेमकं तेच दुसरीला कमी पडलं. त्या 'काहीतरी'चा माग काढण्यात बाईंची पुढची सहा वर्षं जाणार आहेत.

तुम्ही ती वर्षं ओलांडून थेट एका दाण्याच्या आत या.

परागकणातून निघालेली नळी केसाच्या आतून खाली उतरली आहे. तिच्यातून दोन नर केंद्रकं आली. एक बीजपेशीला मिळालं, त्यातून गर्भ होणार. दुसरं आईकडच्या दोन केंद्रकांना मिळालं, त्यातून दाण्याचा पिठूळ भाग होणार. या भागात आईचे दोन वाटे, बापाचा एक. हा तीन वाट्यांचा हिशोब विसरू नका, थोड्या वेळाने लागेल.

दाण्याच्या या भागाचा सगळ्यात बाहेरचा थर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो. दाण्याचा जांभळा रंग तिथे तयार होतो, आणि त्यासाठी नवव्या गुणसूत्रावरचं 'सी' हे जनुक शाबूत असावं लागतं. तुम्ही ज्या दाण्यात उभे आहात तिथे ते शाबूत नाही. त्याच्या मधोमध एक उपरा तुकडा येऊन बसला आहे. बाईंनी त्याचं नाव 'डिसोसिएशन' ठेवलंय, कारण आधी त्यांना दिसलं ते असं की गुणसूत्र पुन्हा पुन्हा याच ठिकाणी तुटतं. तुकडा बसला आणि रंग थांबला. हा दाणा पांढरट होणार.

भोवती पेशी दुभंगत आहेत. एकीच्या दोन, दोनांच्या चार. आणि मग एका पेशीत तो तुकडा उठून निघून जातो. 'सी' जनुक पुन्हा जुळतं, त्या पेशीत रंग तयार व्हायला लागतो. तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या जांभळ्या. शेजारणी मात्र पांढऱ्याच राहतात, कारण त्यांच्यातला तुकडा जागचा हललेला नाही.

आता हिशोब करा. तुकडा निघून गेला तेव्हा पेशीची अजून दहा विभाजनं बाकी असतील, तर 1,024 पेशींचा ऐसपैस डाग पडेल. दोनच बाकी असतील तर चार पेशींचा ठिपका, डोळ्याला जेमतेम दिसणारा. म्हणजे डागाचा आकार सांगतो की ही घटना कधी घडली. पिकलेलं कणीस हातात घेऊन, नुसत्या नजरेने, दाण्याच्या वाढीतल्या कोणत्या टप्प्यावर कोणतं जनुक चालू झालं हे सांगता येतं. ज्या काळात जनुक कशाचं बनलेलं असतं यावरच वाद चालू होता, त्या काळात ही बाई दाण्यांवरच्या डागांवरून वेळ वाचत होती. मला विज्ञानाच्या इतिहासात याहून सुंदर वाचन माहीत नाही.

पण तुकडा उठतो केव्हा, हे कोण ठरवतं? बाईंना दिसलं की तो आपोआप उठत नाही. गुणसूत्रांवर दुसरा एक घटक असावा लागतो, 'ॲक्टिव्हेटर'. तो नसेल तर दाणा शेवटपर्यंत पांढरा. तो असेल तर ठिपके. आणि तो किती आहे यावर वेळ ठरते. इथे ते तीन वाटे कामाला येतात. आईकडे ॲक्टिव्हेटर असेल तर दाण्यात त्याच्या दोन प्रती उतरतात, फक्त बापाकडे असेल तर एक. एक प्रत असलेल्या दाण्यात तुकडा लवकर निघतो, डाग मोठे पडतात. दोन प्रतींनी वेळ लांबते, डाग लहान होतात. तीन प्रती झाल्या की अगदी उशिरा, सुईच्या टोकाएवढे ठिपके. तीच दोन झाडं घ्या, फक्त कणीस कुणाचं आणि पराग कुणाचा याची अदलाबदल करा. दाण्यावरची नक्षी बदलते. रंगाचं जनुक दोन्हीकडे तेच आहे. बदललं आहे ते त्याच्यावरचं नियंत्रण.

1948 पर्यंत बाईंची खात्री पटली होती की हे दोन्ही घटक गुणसूत्रावर जागा बदलतात. आज इथे, उद्या तिथे. पण त्यांचं मन गुंतलं होतं ते दुसऱ्याच प्रश्नात. झाडाच्या मुळात, पानात, तुऱ्यात, प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. मग मूळ मूळच का होतं आणि पान पानच का? कोणीतरी त्या जनुकांना वेळ नेमून देत असणार. आपल्याला ते नेमून देणारे घटक सापडले आहेत, असं बाईंना वाटत होतं. त्यांना त्या 'नियंत्रक घटक' म्हणत.

जून 1951. गाव तेच, पण आता तुम्ही व्याख्यानाला बसला आहात. दरवर्षी इथे जीवशास्त्रज्ञांची परिषद भरते. मॅक्लिंटॉकबाईंच्या निबंधाच्या शीर्षकात गुणसूत्रांची रचना आणि जनुकांची अभिव्यक्ती असे दोन शब्दप्रयोग आहेत. उड्यांचा उल्लेख शीर्षकात नाही. व्याख्यान लांबलचक आहे, पुराव्यांनी गच्च भरलेलं. एका संकरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मक्याची वंशावळ बोटांवर नसलेल्या माणसाचा धागा तिसऱ्या तक्त्यातच सुटतो. शेवटी हवा तसा प्रतिसाद मिळत नाही. बाईंच्या जिव्हारी लागतं, आणि काही वर्षांतच त्या आपले निष्कर्ष मोठ्या नियतकालिकांतून छापणं थांबवतात. आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालांत मात्र लिहीत राहतात.

ही गोष्ट पुढे अशी सांगितली गेली की जनुकं उड्या मारतात यावर जगाने विश्वास ठेवला नाही. मला ती अर्धीच खरी वाटते. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, विस्कॉन्सिनच्या ब्रिंक आणि निलन यांना स्वतःच्या मक्यात असाच फिरता घटक आढळला. मक्यावर काम करणाऱ्यांना उड्या पटल्या होत्या. पटत नव्हता तो पुढचा दावा, की जिवाची सगळी घडण असल्या घटकांच्या तालावर चालते. आणि त्या बाबतीत शंका घेणारे पुष्कळसे बरोबरच होते. मूळ आणि पान वेगळं होतं ते बहुतांशी जनुकांजवळ येऊन बसणाऱ्या आणि सुटणाऱ्या प्रथिनांमुळे. त्यासाठी तुकड्यांनी जागा बदलावी लागत नाही. बाईंचं उत्तर त्या बाबतीत चुकलं. प्रश्न मात्र त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी, आणि नेमका विचारला होता.

1961 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून झाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंमध्ये जनुक चालू-बंद करणारी यंत्रणा मांडली. एका जनुकाच्या प्रथिनाने दुसऱ्या जनुकांना अडवायचं, दुधातली साखर मिळाली की अडसर काढायचा. ते वाचून मॅक्लिंटॉकबाईंनी त्याच वर्षी निबंध लिहून मका आणि जीवाणू यांतली साम्यं मांडली. नियंत्रण करणारी जनुकं असतात, हे आता इतरांनाही दिसू लागलं होतं.

वाटेत ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत थोडं थांबा. 1860 च्या आसपासचा काळ. ग्रेगोर मेंडेल वाटाणे मोजत आहेत: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. त्यांतला एक सुरकुतलेला वाटाणा उचला. त्याच्यात पिठूळपणा घडवणाऱ्या एका जनुकात एक परका तुकडा घुसला आहे, म्हणून साखरेचं पुरेसं पीठ होत नाही, दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसतो. 1990 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तो तुकडा शोधून काढला, तेव्हा दिसलं की तो मक्यातल्या ॲक्टिव्हेटर-डिसोसिएशन घराण्याचाच नातलग आहे. आनुवंशिकतेचे नियम ज्या दाण्यांवर मोजले गेले, त्यांच्यातच असा तुकडा बसलेला होता, आणि मेंडेल यांना ते कळायला कोणताही मार्ग नव्हता.

10 ऑक्टोबर 1983. मॅक्लिंटॉकबाई 81 वर्षांच्या आहेत. नोबेल पारितोषिकाची बातमी त्यांना रेडिओवरून कळते. वैद्यकशास्त्राचं ते पारितोषिक कुणाशीही वाटून न घेता मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मानपत्रात लिहिलंय: फिरत्या जनुकीय घटकांच्या शोधासाठी. नियंत्रणाचा शब्द त्यात नाही. एव्हाना जीवाणूंत, यीस्टमध्ये, माश्यांमध्ये असे फिरते तुकडे सापडून गेले होते, त्यामुळे पारितोषिक त्या शोधाला मिळणं स्वाभाविक होतं. तरी मला राहून राहून वाटतं की ज्या गोष्टीसाठी त्या रोज पहाटे शेतात उतरल्या, तिचं नाव त्या ओळीत यायला हवं होतं.

शेवटचा प्रवास लांबचा आहे. नऊ हजार वर्षं मागे, मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला, बालसास नदीच्या खोऱ्यात. समोर टिओसिंटे उभं आहे, मक्याचा रानटी पूर्वज. त्याला मका म्हणायला जीभ रेटत नाही. बुंध्यापासून फांद्याच फांद्या, आणि त्यांच्यावर बोटाएवढी कणसं, त्यात पाच ते बारा दाणे, प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. काही माणसं त्यातले दाणे गोळा करत आहेत. पुढच्या पेरणीसाठी कोणत्या झाडाचं बी ठेवायचं ते निवडत आहेत. ज्याला फांद्या कमी, ज्याचा जोर एका ताटात एकवटलाय, त्याचं ठेवत आहेत.

फांद्या आवरणारं एक जनुक टिओसिंटेतही आहे. मक्यात त्या जनुकाचं काम जवळपास दुपटीने चालतं. 2011 मध्ये जॉन डोब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण दाखवलं. जनुकापासून डीएनएची सुमारे साठ हजार अक्षरं अलीकडे 'हॉपस्कॉच' नावाचा एक फिरता तुकडा येऊन बसला आहे, आणि तिथून तो त्या जनुकाचा आवाज चढवतो. हा तुकडा माणसाने शेती करण्याच्या किमान दहा हजार वर्षं आधीच तिथे येऊन बसला होता. काही रानटी झाडं तो पिढ्यान् पिढ्या वाहत होती, त्याचा फारसा कुणाला उपयोग नसताना.

मॅक्लिंटॉकबाई 1992 मध्ये गेल्या. 1957 पासून कितीतरी वर्षं त्यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मक्याच्या जातींची गुणसूत्रं तपासली होती. हा मका कुठून कुठे गेला ते त्यांना शोधायचं होतं. त्यांनी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक मक्याच्या ताटात हॉपस्कॉच बसलेला होता, उडी मारून आलेला आणि जनुकावर नियंत्रण ठेवणारा, अगदी त्यांनी 1951 मध्ये सांगितला होता तसा.